कलम पहिलं: विरजण

स्लाऊ,
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप कडूबामामांस,
उदयचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे सगळे ठीक आहोत, म्हणजे मी आणि सुनीती ठीक आहोत. आईपण ठीक आहे, पण ती आता परदेशात असते, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? बेसिंगस्टोकच्या त्या नव्या फिजिओनं दिलेली रबराची पट्टी व्यायामाला वापरता, की ती अजून टोमॅटोच्या रोपालाच बांधलेली आहे? कानाचं मशीन लावत जा. (लावत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच फोन न करता पत्र लिहितोय. मागच्या वेळी मी फोनवर 'आई भावनाकडे राहायला गेली' म्हटलं, तर तुम्ही 'वा वा, अभिनंदन' म्हणालात.) शिवाय लहानपणी माझी पत्रं लाल शाईनं तपासून परत पाठवणारे तुम्हीच, तेव्हा याही पत्रात ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर खुशाल खुणा करा. फक्त आधी पूर्ण वाचा.

परदेश म्हणजे अठरा नंबर. आमच्या वीस नंबरच्या किचनच्या खिडकीतून हात लांब केला तर धाकट्या बहिणीच्या, भावनाच्या कुंडीतला पुदिना खुडता यायचा, इतकं ते परदेश जवळ आहे. (आता खुडला तर ती आयात होते.) तुम्हाला आठवत असेल, अकरा वर्षांपूर्वी बारा, चौदा, सोळा, अठरा आणि वीस या पाच घरांनी मागची कुंपणं काढून एकच लांबलचक अंगण केलं, तेव्हा झाडं छाटायच्या कात्रीनं फीत तुम्हीच कापली होती आणि तासभर भाषण केलं होतं. पाचही घरं आपलीच, जयंतीला एकाच बसनं जाणारी. त्याला सगळे 'कॉमन अंगण' म्हणायला लागले. एकच लॉनमोवर, एकच शेड, कुणाचीही कोथिंबीर कुणीही उपटावी, आणि दर सहा महिन्यांनी फिरणारं अध्यक्षपद. मग नियम यायला लागले. सायकली कुठल्या बाजूनं उभ्या करायच्या, कपड्यांचे चिमटे कुठल्या रंगाचे. मी सहन केलं. पण गेल्या वर्षी ठराव आला की सुकट फक्त बुधवारी आणि शनिवारी भाजायची, तीही वारा पश्चिमेचा असेल तरच. मामा, माझ्या शेगडीवर माझी सुकट मी कधी भाजायची हे बारा नंबरची आशा ठरवणार? जी स्वतः व्हीगन झाली आहे? माझं टाळकंच सरकलं.

तुम्ही म्हणाल, उदय पहिल्यापासून तापट. पण यात माझा धंद्याचा अनुभवही होता. ट्रेडिंग इस्टेटवरच्या गोदामात बावीस वर्षं मी युरोपातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे कागद भरतोय. देश युरोपातून बाहेर पडला त्याआधी कागदच नव्हते, माझ्या टेबलावर फक्त एक निवडुंग होता. नंतर लांबलचक फॉर्म आले, मालाच्या उगमाचे दाखले आले, पशुवैद्याचे शिक्के आले, आणि माझ्या हाताखाली तीन माणसं आली. (मी मत कुठल्या बाजूला दिलं ते इथे लिहीत नाही, पत्र पोस्टात टाकण्याआधी सुनीती वाचते.) तेव्हा एखाद्या मोठ्या गटातून बाहेर कसं पडायचं आणि पडल्यावर करार कसा करायचा, हे या गल्लीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मला वाटायचं.

मी लोकशाही मार्गानं गेलो. घरात मतदान घेतलं. मतदार तीन: मी, सुनीती आणि आई. सुनीतीनं 'काही नडलंय का?' असं म्हणून विरोधात मत टाकलं आणि हॉस्पिटलात ड्युटीला निघून गेली. मग मी आईला मोठ्यानं, अगदी निःपक्षपाती आवाजात विचारलं, "आई, बाहेर पडायचं का?" आई लगेच हो म्हणाली, आत गेली आणि कोट घालून आली. दोन विरुद्ध एक. पुढचा अर्धा तास ती कोट-कानटोपी घालून जिन्याच्या पायरीवर बसली होती आणि मी राजीनाम्याचं पत्र लिहीत होतो. (पार्कात जायचंय असं तिला वाटलं होतं म्हणे. पण मत म्हणजे मत. उठसूट फेरमतदान घेतलं तर काय अर्थ राहिला?)

सहा फुटी कुंपण घातलं. पहिल्याच सोमवारी, मुद्दाम, वारा भलत्याच दिशेचा असताना सुकट भाजली. सगळा धूर आमच्याच बेडरूममध्ये शिरला, ते सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वेटर घालून मागे आली. मामा, ती रोज सकाळी वीसपासून बारापर्यंत आणि बारापासून वीसपर्यंत दहा फेऱ्या मारायची, आणि कुणाकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते येऊन सांगायची. त्या दिवशी ती आठ पावलं चालली, कुंपणाला हात लावला, वळली, परत आठ पावलं. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी म्हणाली, भावनाकडे चार अंगणं आहेत, तिकडे माझे पाय मोकळे होतील, आणि पिशवी भरली. भांडण नाही, रडणं नाही. जाताना मलाच म्हणाली, जेवत जा वेळेवर. मला वाटलं दोन-चार दिवसांत येईल. त्याला आता पाच महिने झाले.

आता बाहेर पडलो म्हणून शेजार थोडाच संपतो? करार हवाच. पण ते चार घरं, आम्ही एक. आम्हाला लागणारं सगळं तिकडे: लॉनमोवर, कोथिंबीर, आई. त्यांना आमच्याकडचं काय हवं याची मी यादी केली: सुकट, माझी लांब शिडी आणि माझा सल्ला. त्यांनी तिसऱ्या गोष्टीवर काट मारली. त्यांच्या बाजूनं वाटाघाटींना भावनाची दिया बसली. ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपन्यांचे करार लिहिते, इथेच जन्मलेली, पोरगी तल्लख, पण मराठी बोलताना लिंगांची पार वाट लावते. "उदयमामा, तुमचा मागणी खूप मोठा आहे," असं ती म्हणाली, तेव्हा मी मागणी सोडून अर्धा तास व्याकरण शिकवत बसलो आणि तेवढ्यात लॉनमोवरचं कलम हातचं गेलं. शेवटी मीच अट घातली की कराराची इंग्रजी प्रतच अंतिम मानायची, म्हणजे हिच्या मराठीमुळे पुढे घोटाळा नको. उपोद्घात मात्र मी स्वतः, शुद्ध मराठीत लिहिला. पहिलंच वाक्य असं होतं: 'उभय पक्षांनी एकमेकांच्या संबंधांवर विरजण घालू नये.' सुनीतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण सरळ 'भांडू नये' लिहा की. मी ऐकलं नाही. दियानं भाषांतर केलं, मी लिहिलेलंच तर आहे म्हणून न वाचता सही ठोकली, आणि करार लागू झाला.

सीमेवर चौकी म्हणून कुंपणात मांजरीचं दार बसवलं. (मांजर दोघांकडेही नाही.) बुधवारी सकाळी दहा ते साडेदहा एवढ्याच वेळात माल जातो-येतो, सोबत फॉर्म, तीन प्रती. पहिल्याच महिन्यात आमटीत घालायच्या येसरावरून वाजलं. येसर भाजला आईनं, धने आमचे, मिरच्या तुमच्या ग्रीनहाऊसमधल्या, कढई आमची पण मुक्काम अठरा नंबरला, मग हा येसर कुठला? नऊ आठवडे पत्रव्यवहार झाला. शेवटी दियानं निकाल दिला की येसराचा उगम आई, आणि आईचा उगम जालना जिल्हा, तेव्हा येसर तिसऱ्याच देशाचा आणि करारात बसत नाही. नऊ आठवडे आम्ही आमटीत नुसतं तिखट घालून जेवलो. आईच्या येण्याजाण्यालाही कलम आहे. इथल्या माणसाला युरोपात एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं, म्हणून मीही तेवढेच घातले. ती रविवारी जेवायला येते. मागच्या अंगणातून आठ पावलं, पण आता गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं येते, बेल वाजवते, आणि मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तिच्या नावानं शिक्का मारतो.

आता मूळ मुद्दा, विरजण. एकोणऐंशी साली आई जालन्याहून निघाली तेव्हा तिच्या एका हाताला सहा वर्षांचा मी होतो आणि दुसऱ्या काखेत फडक्यात बांधलेलं विरजण. (दोघांपैकी कागद फक्त माझे होते.) तेव्हापासून रोजच्या दह्यातून उद्याचं दही, एका दिवसाचा खंड नाही. भावना तर त्याला आपलं थोरलं भावंड म्हणते. जाताना आईनं अर्धं तिकडे नेलं आणि अर्धं माझ्यासाठी फ्रिजमध्ये मातीच्या सटात ठेवलं. सुनीती ड्युटीवर असताना मी स्वतः दही लावायला घेतलं. दूध चांगलं खळखळून उकळलं आणि स्वच्छतेच्या दृष्टीनं विरजण उकळत्या दुधातच घातलं. मामा, सेहेचाळीस वर्षं जगलेली गोष्ट मी एका मिनिटात मारली. मग मिरचीचे देठ घालून पाहिले, लिंबू पिळून पाहिलं, चांदीचा रुपया टाकून पाहिला. रुपया तेवढा चकचकीत झाला. भावनाला कळलं तेव्हा ती कुंपणावरून ओरडली, अरे दादा, वाटी घेऊन ये, चमचाभर घेऊन जा. मी म्हटलं, मी नियमानं मागेन. (हे मी का म्हटलं ते मला विचारू नका.) रीतसर फॉर्म भरला. उत्तर आलं की कलम पहिलं अन्वये विरजणाला बंदी आहे.

मी करार काढून पहिल्यांदाच नीट वाचला. माझ्या त्या सुंदर वाक्याचं दियानं काय केलं होतं, सांगतो. 'विरजण' म्हणजे योगर्ट स्टार्टर. 'संबंध' म्हणजे रिलेशन्स. आणि रिलेशन्सवर योगर्ट घालणं तिला जरा विचित्र वाटलं म्हणून तिनं ते कायद्याच्या भाषेत नीट बसवलं: नायदर पार्टी शॅल सप्लाय योगर्ट स्टार्टर टू द अदर्स रिलेशन्स. म्हणजे कुणीही एकमेकांच्या नातेवाइकांना विरजण द्यायचं नाही! वर इंग्रजी प्रत अंतिम, आणि ते माझ्याच आग्रहानं. मी दियाला जाब विचारला तर ती म्हणाली, "मला वाटलं, मामाची काही मेडिकल प्रॉब्लेम असेल." दुरुस्तीला चारही घरांची संमती लागते. तीन घरं हो म्हणाली. बारा नंबरची आशा व्हीगन असल्यामुळे तत्त्व म्हणून नाही म्हणाली, आणि तिचं अध्यक्षपद अजून चार महिने आहे. तुमच्याकडचं विरजण तर मामी गेल्या तेव्हाच संपलं. असं सगळं आहे.

पण मामा, तुमचा भाचा अगदीच हरलेला नाही. एक मोठा विजय सांगतो. आई रविवारी येते तेव्हा मी तिला स्टीलच्या डब्यात सुकटीची चटणी देतो, आणि बुधवारी डबा मांजरीच्या दारातून परत येतो. गेले तीन बुधवार तो डबा न विसळता आला. फॉर्मवर दियाच्या अक्षरात लिहिलेलं, 'रिकामा डबा', आणि उघडून बघतो तर तळाला चमचाभर दही तसंच! वर झाकण फडक्यानं घट्ट आवळलेलं, गाठीवर गाठ. कुणाचं भांडं परत करायची ही पद्धत झाली? मी दर वेळी फोटो काढला, डबा उकळत्या पाण्यानं खसाखसा घासला आणि लेखी तक्रार केली: 'पांढरा दुग्धजन्य अवशेष, अंदाजे पंधरा ग्रॅम.' काल तिसरी तक्रार गेली आणि काल संध्याकाळीच चारही घरांच्या सहीनं दिलगिरीचं पत्र आलं. यापुढे वीस नंबरचा प्रत्येक डबा डिशवॉशरमध्ये सत्तर डिग्रीला धुऊनच परत येईल. पाच महिन्यांत त्यांनी माझी मान्य केलेली ही पहिली मागणी. पत्र फ्रेम करायला टाकणार आहे.

पत्र लांबलं. तुमच्या मिरच्यांचा उगमाचा दाखला मात्र सवडीनं पाठवा, साध्या कागदावर चालेल. गुडघ्याला जपा आणि टोमॅटोला दुसरी कुठलीतरी पट्टी बांधा.

तुमचा भाचा,
उदय

ता. क. मामा, दाखल्याचं तितकं काही नाही. खरं सांगतो. मी स्वतः दही फारसं खात नाही, मला लगेच सर्दी होते. रविवारी आई येते तेव्हा मी तिच्या ताटात दुकानातलं दही वाढतो. पहिल्या रविवारी तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, बरं आहे. मामा, तुमची बहीण कधी 'बरं आहे' म्हणाली आहे का हो? माझ्या लग्नाच्या जेवणात तिनं सात चुका काढल्या होत्या. आता माझ्या घरात ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसते, सगळं बरं आहे म्हणते, आणि निघताना सुनीतीला 'छान झालं होतं हं' म्हणते. मला ते ऐकवत नाही. म्हणून म्हटलं, तुम्ही थोरले आहात, तुम्ही येऊन आशाची समजूत काढाल का?

ता. क. दोन. आशाचं राहू द्या. वरचं सगळं लिहून पत्र सुनीतीला तपासायला दिलं. ती ऱ्हस्वदीर्घ बघत बघत डब्याच्या विजयापर्यंत आली आणि तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो, सासूबाईंनी जन्मात कधी कुणाचं भांडं न विसळता परत केलंय? म्हटलं, नाही. म्हणाली, आणि रिकामं? म्हटलं, नाही, रिकामं तर कधीच नाही. मग तिनं पत्रातल्या 'चमचाभर दही' या शब्दांवर बोट ठेवलं. मामा, तीन बुधवार. तीनही वेळा मी उकळतं पाणी ओतलं. ते फडकंसुद्धा, आत्ता जाऊन बघितलं, तिच्या जुन्या निळ्या लुगड्याचं आहे. आणि आता माझी मागणी मान्य झाली आहे. सत्तर डिग्री!

ता. क. तीन. तक्रार मागे घ्यायला माझ्याच नियमाप्रमाणे एकवीस दिवस लागतात, तेव्हा ते नको. हे पत्र तुम्हाला शनिवारी मिळेल, आणि शनिवारीच तुम्ही आईला फोन करता. तुम्हाला पलीकडचं काही ऐकू येत नाही आणि ती तुमचा शब्द मोडत नाही, त्यामुळे या कामाला तुमच्यासारखा माणूस नाही. एवढंच सांगा: विमल, बुधवारी उदयचा डबा डिशवॉशरला लावू देऊ नको, न विसळता पाठव, तो विसळणार नाही. दूध किती कोमट हवं तेही विचारा म्हणणार होतो, पण तिचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही. ते मलाच रविवारी विचारावं लागेल. मागच्या कुंपणाच्या किती फळ्या काढल्या की तिची फेरी पूर्ण होते, ते सुनीती आत्ताच मोजून आली. चार. उद्या काढतो, वारा कुठलाही असो. आणि रविवारी आई मागच्या बाजूनं आली की तिचा कोट हातात घेऊन, या वेळी नीट समजेल असं विचारतो: आई, आत यायचं का?